फक्त रेघेने रोजच्या वस्तू काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या रविवारच्या वर्गात आणि निपाणी, खानापूर, चंदगडकडून येणाऱ्या मेसेजमध्ये तेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडवणारे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळं पेन्सिलीचं आणि शेडिंगशिवायचं, म्हणजे कंटूरचं आहे. रंग, चारकोल, माणसांचे चेहरे यात नाहीत.

१. कंटूर म्हणजे आउटलाइनच ना? मग वेगळं नाव कशाला?

आउटलाइन म्हणजे भिंतीवर सावली पडली तर दिसेल तेवढाच बाहेरचा आकार. कंटूरमध्ये आतल्या कडाही येतात. तांब्याच्या तोंडाचा गोल, काठाची जाडी, मान जिथे पोटात उतरते तिथली खाच, बुडाची कड, हे सगळं रेघेत धरायचं. कपाचा कान अंगाच्या पुढून जातो तिथे अंगाची रेघ थांबते आणि कानाची पुढे जाते. एवढ्यावरूनच बघणाऱ्याला कळतं की कान पुढे आहे आणि अंग मागे. शेडिंग न करता वस्तूला खोली येते ती यामुळे. काढून झाल्यावर घरातल्या कुणालाही विचारा, हा तांब्या पोकळ आहे की भरीव? उत्तर देता आलं नाही तर तुम्ही आउटलाइन काढली आहे.

२. शेडिंग का नको? त्याशिवाय चित्र अपुरं वाटतं.

शेडिंगखाली चुका दडतात. पेल्याचं तोंड वाकडं असलं तरी एका बाजूने काळं केलं की लोक "छान" म्हणतात आणि तोंड तसंच वाकडं राहतं. नुसत्या रेघेत लपायला जागा नसते. शेडिंग पुढे जरूर करा, माझा त्याला विरोध नाही. फक्त कड ओळखता येण्याआधी नको.

३. कुठली पेन्सिल घ्यावी?

एचबी किंवा २बी. शिसं म्हणतो ते ग्रॅफाइट आणि चिकणमातीचं मिश्रण असतं. माती जास्त असली की पेन्सिल कठीण होते, ती एच. ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळी, ती बी. २एच कागदात चर पाडते. ६बीचं टोक एका घागरीच्या रेघेतही टिकत नाही, आणि मग रेघ कुठे जाड व्हायची ते तुम्ही न ठरवता झिजलेलं टोक ठरवतं. मुलांच्या दप्तरातली नटराज किंवा अप्सरा चालते. सेट घ्यायला खडेबाजार गाठायची गरज नाही.

शार्पनरपेक्षा कटरने टोक काढा, शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवा आणि रद्दी कागदावर दोन-चार फेऱ्या मारून सुईसारखी अणी घालवा. ०.५ ची क्लच पेन्सिल सरावाला सोयीची, पण तिची रेघ सगळीकडे सारखी येते. प्रश्न १४ मधलं काम तिच्याने होणार नाही.

४. कागद कोणता? पावसाळ्यात आमच्याकडे कागद मऊ पडतो, त्याचं काय?

सरावाला ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्सचा कागद पुरे. महागाच्या कागदावर माणूस जपून काढतो, आणि जपून काढलेली रेघ मेलेली असते. ठेवायचं चित्र असेल तर १२० ते १४० जीएसएमचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या.

पावसाळ्याची तक्रार खरी आहे. जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात तर जूनपासून कागद ओल धरतो. दमट कागदावर रेघ फिकी उठते, मग आपण दाब वाढवतो आणि चर पडतो. कागदाचा गठ्ठा जाड पॉलिथिनच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा, भिंतीला टेकवू नका. लागेल तेवढाच कागद काढा आणि आधी थोडा वेळ पंख्याखाली ठेवा. स्पायरल वहीपेक्षा सुटे कागद बरे, वही एकदा फुगली की सगळीच फुगते.

५. सुरुवात कुठल्या वस्तूने करावी? मी स्टीलचा पेला घेतला आणि पहिल्याच दिवशी कंटाळलो.

स्टीलचा पेला सोपा दिसतो, पण तो दोन्ही बाजूंनी अगदी सारखा असतो आणि चकाकतो. सारखेपणा जरा बिघडला की लगेच डोळ्यात खुपतं, आणि चकाकीत खरी कड हरवते. सुरुवातीला वेडीवाकडी, न चमकणारी वस्तू घ्या. आल्याचा गड्डा उत्तम, त्याची कड कुठेही सरळ जात नाही, त्यामुळे डोळ्याला झोप लागत नाही. जुनं कुलूप, सांडशी, वापरून आकार गेलेली चप्पल, भुईमुगाच्या शेंगा.

त्यानंतर मातीचं भांडं. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. तिकडचं एखादं साधं, बिनरंगाचं मडकं घरात असेल तर ते घ्या. गोल असतं पण चकाकत नाही, आणि हाताने घडल्यामुळे जरासं कललेलं असतं. पेला त्यानंतर.

६. वस्तू कुठे ठेवायची आणि आपण कसं बसायचं?

वस्तू अडीच-तीन फुटांवर. त्याहून जवळ असली तर डाव्या आणि उजव्या डोळ्याला कड वेगवेगळ्या ठिकाणी दिसते. जवळच ठेवावी लागली तर एक डोळा मिटा. डोकं हलवू नका, खुर्ची सरकवू नका. चित्रफळी मांडीवर घेऊन टेबलाच्या कडेला टेकवा म्हणजे ती उभट राहील. याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

उजेड एका बाजूने हवा. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी खिडकी डावीकडे घ्यावी. दोन ट्यूबलाइट असतील तर एक बंद करा. आणि वस्तूखाली तरुण भारतचा अंक अंथरू नका. अक्षरांच्या गर्दीत बुडाची कड सापडत नाही, शिवाय माणूस वाचत बसतो. साधं एकरंगी कापड किंवा कोरा पुठ्ठा पुरे.

७. कागदाकडे न बघता काढायचं म्हणतात, ते नेमकं कसं?

सगळ्या सरावाचं मूळ हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समोर तांब्या ठेवा. कागद चिकटपट्टीने फळीला चिकटवा, नाहीतर तो हाताबरोबर फिरतो. पेन्सिल कागदावर टेकवा, आणि आता कागद विसरा. काठाच्या डाव्या टोकावर नजर ठेवा. पेन्सिलीचं टोक कागदावर नसून तांब्याच्या त्या बिंदूला टेकलं आहे असं मनात धरा. तसं खरंच वाटेपर्यंत थांबा, घाई नाही.

मग नजर कडेवरून मुंगीच्या पावलाने सरकवा आणि हात त्याच वेगाने सोबत न्या. काठ बाहेरून जरा खाली वळतो, लगेच आत येतो, मान सुरू होते. मान सरळ नाही, मध्ये बारीक खोलगट आहे. तिथून पोट फुगतं, पण एकदम नाही. आधी खांद्यासारखा उतार, मग फुगवटा. पोटावर एक पोचा आहे, तो आला की हात आत जायला हवा. नजर पोच्यात उतरली आणि हात तसाच बाहेरून गोल निघून गेला, तर हात आठवणीतला तांब्या काढतोय. थांबा, नजर मागे न्या, पुन्हा निघा.

आतली कड लागली, म्हणजे मानेखालची खाच, तर तिच्यावरून आत जा. ती संपली की पेन्सिल न उचलता त्याच वाटेने परत या. एका तांब्याला पाच ते दहा मिनिटं लागायला हवीत. एका मिनिटात झाला असेल तर तो बघून काढलेला नाही.

झाल्यावर आकार तपासू नका. बुड एकीकडे आणि तोंड दुसरीकडे असणार, ते अपेक्षित आहे. रेघ तपासा. पोच्याजवळ ती अडखळली आहे का? मानेवर आणि पोटावर वेगळी चालली आहे का? असेल तर काम झालं.

८. असलं वेडंवाकडं चित्र घरी दाखवलं तर हसतात.

दाखवू नका. "काय काढूलास हे?" असं कुणी विचारलंच तर "डोळ्याचा व्यायाम" म्हणून सांगा. हे कागद रियाजाचे आहेत. तारीख घालून एका फायलीत टाका, रद्दीत देऊ नका. महिन्याने तेच भांडं तसंच न बघता काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

९. मग कागदाकडे कधीच बघायचं नाही का? नीट चित्र कसं येणार?

नीट चित्रासाठी बघायचं, पण थांबून. नियम एकच, पेन्सिल चालत असताना नजर वस्तूवर आणि नजर कागदावर असताना पेन्सिल थांबलेली. रेघेचा एक तुकडा वस्तूकडे बघत काढा, एखाद्या वळणाशी किंवा जोडाशी थांबा, कागदावर नजर टाकून पुढची जागा ठरवा आणि परत वस्तूकडे जा. दहातला एखादाच भाग वेळ कागदाकडे जावा. बहुतेकांचं उलटं होतं, एक कटाक्ष भांड्यावर आणि मग बराच वेळ कागदावर सुंदर वळणं. रोज बसताना एक चित्र प्रश्न ७ च्या पद्धतीने आणि नंतरची या पद्धतीने काढलीत तर दोन्ही सुधारतात.

१०. पेन्सिल उचलायचीच नाही असा नियम आहे का?

प्रश्न ७ च्या सरावात नाही उचलायची. प्रश्न ९ च्या चित्रात खुशाल उचला, पण कड जिथे खरोखर संपते किंवा दुसऱ्या वस्तूमागे जाते तिथे. मनगट अवघडलं म्हणून मध्येच उचलली तर पुन्हा टेकवताना गाठ पडते, आणि तशा दहा गाठी मिळून केसाळ रेघ होते. छोटे छोटे फटकारे मारून रेघ "शोधण्याची" सवय शाळेत लागते. कंटूरमध्ये तीच आधी मोडावी लागते.

११. खोडरबर वापरू का?

टेबलावर ठेवूच नका. चुकीची रेघ तशीच ठेवून शेजारून बरोबरची काढा. चुकीची समोर असते म्हणून बरोबरची कुठे हवी ते कळतं. खोडलं की तुलना गेली, आणि बहुधा तीच चूक पुन्हा त्याच जागी येते. प्रदर्शनात किंवा भेट द्यायच्या चित्रात खोडायचं असेल तर माझी हरकत नाही. सरावात नको. पट्टी आणि कंपास मात्र कुठेच नको.

१२. माझा तांब्या नेहमी लांबट होतो. माप कसं घ्यायचं?

आधी फळी कुठे आहे ते बघा. कागद टेबलावर आडवा पसरून काढत असाल तर तुम्ही त्याच्याकडे तिरकं बघता. कागदाचा वरचा भाग दूर असल्यामुळे दबलेला दिसतो, त्याची भरपाई म्हणून हात उंची वाढवतो. चित्र भिंतीवर उभं लावलं की तांब्या ताणलेला. फळी उभट केली की निम्मी तक्रार मिटते.

उरलेल्यासाठी पेन्सिलीने माप. हात पूर्ण सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला. पेन्सिल आडवी धरून तिचं टोक पोटाच्या एका कडेला जुळवा आणि दुसऱ्या कडेवर अंगठा ठेवा. तेच माप उभं करून उंचीत किती वेळा बसतं ते बघा. कागदावर फक्त चार टिंबं द्या: वर, खाली आणि पोटाच्या दोन्ही कडा. आराखडा काढू नका, नाहीतर पुढची रेघ त्या आराखड्यावरून गिरवली जाते.

कपाच्या कानासारख्या जागी कान न बघता कानातलं भोक बघा. भोकाचा आकार बरोबर आला की कान आपोआप जागेवर बसतो.

१३. पेल्याचं, वाटीचं, डब्याचं तोंड नीट येतच नाही. का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. चुका बहुधा चार असतात.

पहिली, लंबगोलाची टोकं अणकुचीदार होतात, मासोळीसारखी. लंबगोलाला टोक नसतं. अगदी चपट्या लंबगोलातही रेघ दोन्ही बाजूंना वळूनच परत येते.

दुसरी, बूड सरळ. पेला टेबलावर सपाट बसतो हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हात खाली आडवी रेघ मारतो. प्रत्यक्षात बुडाची कड वाकलेली दिसते, आणि तीही तोंडाच्या कडेपेक्षा जास्त. वर्तुळ डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं जास्त गोल दिसतं. तोंड डोळ्याला जवळ, बूड लांब, म्हणून बुडाचा बाक जास्त. खात्री करायची तर पेला हातात धरून हळूहळू डोळ्यासमोर आणा. काठ बरोबर डोळ्याच्या रेषेत आला की तोंडाची नुसती सरळ रेघ उरते.

तिसरी, काठाला जाडी नसते. स्टीलच्या पेल्याचा काठ बाहेर वळवलेला असतो, त्याला दोन रेघा लागतात. त्या दोन रेघांतलं अंतर सगळीकडे सारखं दिसत नाही. डाव्या-उजव्या टोकांना रुंद, पुढे-मागे अरुंद.

चौथी, कललेली भांडी. ओतण्यासाठी तिरपा केलेला तांब्या काढताना तोंड आडवंच राहतं. लंबगोलाची लांब बाजू भांड्याच्या मधल्या उभ्या आसाशी काटकोनात असते. भांडं कललं की तीही कलते.

सरावासाठी तोंडाचा गोल एका दमात, खांद्यातून हात फिरवत काढा. कागद लागण्याआधी हवेत दोन फेऱ्या मारा.

१४. रेघ कुठे जाड करायची, कुठे बारीक?

सगळी रेघ सारखी असेल तर चित्र तारेचं दिसतं. दाब वाढवायच्या जागा: भांडं टेबलाला टेकतं तिथे, एक वस्तू दुसरीच्या पुढून जाते त्या जोडाशी, आणि पोटाखालच्या अंधाऱ्या बाजूला. उजेडाच्या बाजूला दाब कमी. जाडी एकाच फटक्यात, दाब बदलून यायला हवी. काढून झाल्यावर दुसऱ्यांदा गिरवून जाड केलेली रेघ लांबून ओळखू येते.

मात्र हे पहिले दोन-तीन महिने डोक्यातून काढून टाका. कड पकडता येईपर्यंत जाडीची नक्षी म्हणजे प्रश्न २ मधल्या शेडिंगचाच भाऊ.

१५. पांढऱ्या कापडावर पांढरी कपबशी ठेवली, कड दिसतच नाही. तिथे काय काढू?

काही काढू नका. कड दिसत नाही तिथे रेघ सोडा आणि दिसते तिथे पुन्हा धरा. बघणाऱ्याचा डोळा मधली जागा स्वतः जोडतो, फक्त दोन्ही तुटकी टोकं एकाच वळणात असली पाहिजेत. रेघ हळूहळू दाब कमी करत विझवा, कापल्यासारखी तोडू नका. कड नक्की कुठे आहे हेच कळत नसेल तर उठून बोट फिरवून या आणि परत त्याच जागी बसा. पण बोटाला लागलेली प्रत्येक कड कागदावर आलीच पाहिजे असं नाही.

१६. टेबलावर पडलेली सावली काढायची का?

नाही. सावलीच्या कडेला रेघ काढली की ती वस्तूच वाटते, वाटीशेजारी कुणी बशी ठेवल्यासारखी. वस्तू अधांतरी तरंगतेय असं वाटत असेल तर बुडाच्या रेघेवर दाब वाढवा, प्रश्न १४ पाहा.

१७. स्टीलच्या, पितळेच्या भांड्यावर खिडकी, आपलं तोंड, सगळंच दिसतं. त्याच्या कडा धरायच्या का?

इथे दोन मतं आहेत. कडक नियमाने बघितलं तर प्रतिबिंब ही वस्तूची कड नाही, तेव्हा वगळा. मी शिकवताना नवख्यांना तेच सांगतो. पण घासून लखलखीत केलेल्या पितळी घागरीतून प्रतिबिंब पूर्ण काढून टाकलं तर ती मडक्यासारखी दिसते. सरावलेल्या हाताने एक-दोन ठळक प्रतिबिंबांच्या कडा अगदी हलक्या दाबाने घ्याव्यात. त्या घागरीच्या फुगवट्याबरोबर वाकलेल्या असतात आणि त्यामुळे गोलाई जास्त पटते. चौकोनी खिडकी पोटावर कशी फुगते ते बघण्यासारखं असतं. सगळी प्रतिबिंबं मात्र घेऊ नका, चित्रात भांडं सापडणार नाही.

१८. काचेच्या ग्लासात पाणी आणि चमचा आहे. चमचा तुटलेला दिसतो, तसाच काढू?

तसाच. पाण्याच्या पातळीशी चमचा सरकतो आणि पाण्यातला भाग बहुधा जाड दिसतो, कारण गोल ग्लासातलं पाणी भिंगाचं काम करतं. "चमचा सरळ असतो" म्हणून जोडून काढला तर ग्लास रिकामा वाटेल. पाण्याची पातळी हा आणखी एक लंबगोल, त्याला प्रश्न १३ मधलं सगळं लागू. काचेतून मागची कडही दिसते. ती घ्यायची, फिक्या दाबाने.

१९. चाळण, सूप, केरसुणी, वेणीची चप्पल: प्रत्येक भोक आणि प्रत्येक काडी काढायची का?

नाही, पण अंदाजे ठिपके मारून भागवायचंही नाही. एक जागा निवडा, तिथे प्रत्येक भोक नीट बघून काढा, आणि तिथून दूर जाताना कमी करत न्या. चाळणीची मधली भोकं जवळजवळ गोल दिसतात, बाजूच्या वळणावर तीच अरुंद होत जातात. हा बदल आला की बाकीची शंभर भोकं बघणारा स्वतः भरतो. केरसुणीत मूठ बांधलेली दोरी आणि टोकाकडच्या थोड्या सुट्या काड्या पुरतात.

अथणी, निपाणीकडे बनणारी कोल्हापुरी चप्पल हा मला सगळ्यात आवडणारा विषय आहे. आधी तळाची जाडी काढा, तिला दोन रेघा लागतात आणि टाचेकडे थर दिसतात. मग चपलेचे बाजूचे कान तळातून बाहेर निघतात तो जोड, मग पट्टा, अंगठा. वेणी सगळ्यात शेवटी. वेणीची एक पूर्ण गुंफण नीट बघा, कुठली वादी वरून आणि कुठली खालून जाते ते धरा, आणि तेवढीच तीन-चार गुंफणांपर्यंत न्या. नवीन चपलेपेक्षा पायाचा ठसा उमटलेली जुनी घ्या.

२०. कापडाला कड कुठे असते? आणि वस्तूच्या अंगावरून आडव्या रेघा काढतात त्या कशाला?

पिशवी, टॉवेल, टोपी यांत घडी जिथे दुसऱ्या घडीमागे जाते तिथे कड असते. घडी सुरू होते तिथे रेघ ठळक आणि ती सपाटीत विरते तिथे विझलेली. खुंटीला टांगलेली कापडी पिशवी उत्तम, घड्या बंदाकडून खाली पसरतात.

आडव्या रेघा म्हणजे वस्तूभोवती दोरा गुंडाळला तर तो जसा वर-खाली होत जाईल तशा रेघा. घागरीवर त्या कल्पनेनेच काढाव्या लागतात. पण बुट्टीची (टोपलीची) वीण किंवा वाकळीचे टाके या तयारच मिळालेल्या रेघा आहेत. घडी घातलेली वाकळ समोर ठेवून बाकी काही न काढता फक्त टाक्यांच्या ओळी काढा. टाका घडीवर चढतो, कडेला नाहीसा होतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा दिसतो. बाहेरची कड न काढताही वाकळ उभी राहते. एकदा करून बघाच.

२१. लाटणं टोक माझ्याकडे करून ठेवलं तर आखूड, बोजड दिसतं. चुकतंय का?

बहुधा बरोबर येतंय आणि तुमचा विश्वास बसत नाही. लाटणं लांब असतं हे माहीत असल्यामुळे हात ते ओढत नेतो. जवळच्या मुठीचा गोल आधी काढा. मग त्याच्यामागून मधला जाड भाग कुठे डोकावतो तेवढाच तुकडा. मागची मूठ दिसत नसेल तर काढू नका. इथे लांबीचं माप प्रश्न १२ प्रमाणे घ्या आणि आकडा कितीही लहान आला तरी तोच ठेवा.

२२. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काढलं तर चालेल का?

सरावासाठी नाही. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो, अंधारातल्या कडा काळ्यात बुडतात, आणि कुठली कड महत्त्वाची हे डोळ्याने ठरवायचं काम उरतच नाही. ट्रेस करणं तर वेळेचा अपव्यय. अपवाद, जी वस्तू समोर थांबणारच नाही ती. तरी एखादी गाडी दारात उभी असेल तर खाली उतरून तीच काढा.

२३. मुलांना कितव्या वर्षापासून? चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला याचा उपयोग होतो का?

साधारण नऊ-दहा वर्षांपासून. त्याआधी मुलं मनातलं काढतात आणि ते काढू द्यावं.

सीमाभागात एका घरातली मुलं कर्नाटकाच्या लोअर-हायरला बसतात आणि चंदगडची मावसभावंडं महाराष्ट्राच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला. एलिमेंटरीत वस्तुचित्र आहे, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. तिथे छायाप्रकाश लागतो, नुसतं कंटूर देऊन चालणार नाही. पण खालचं रेखाटन पटकन आणि बरोबर येत असेल तर शेडिंगला वेळ उरतो. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस मात्र हे बंद ठेवा आणि परीक्षेच्याच पद्धतीने काढा.

२४. वडिलांचा हात थरथरतो. मी डावखुरी आहे. आम्हाला जमेल का?

दोघांनाही. थरथरत्या हाताला मोठा कागद, ए३ द्या. करंगळी कागदावर टेकवून हात खांद्यातून हलवायला सांगा. रेघ थोडी हलेल, पण नजर कडेवर असेल तर ती कड सोडत नाही. गुळगुळीत रेघ आणि खरी रेघ यात खरी निवडावी. डावखुऱ्यांनी खिडकी उजवीकडे घ्यावी आणि वस्तूच्या उजव्या कडेपासून सुरुवात करावी, म्हणजे काढलेलं हाताखाली पुसलं जात नाही.

२५. कुणाची रेखाटनं बघावीत?

रेघेसाठी के. के. हेब्बर (१९११–१९९६). उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे, शिकले मुंबईच्या जे. जे. मध्ये. त्यांच्या रेखाटनांत एक रेघ किती काम करते ते कळतं. वस्तूच्या कडेसाठी अमेरिकेचे एल्सवर्थ केली (१९२३–२०१५). त्यांनी पानं, फुलं, फळं पेन्सिलीने नुसत्या कडेने काढली आहेत. आपल्या गावचे म्हणून रवी परांजपे (१९३५–२०२२). त्यांचा जन्म बेळगावचा आणि सुरुवातीचं शिक्षण इथेच चित्रकार के. बी. कुलकर्णींकडे. त्यांचं काम रंगांचं आणि बारकाव्यांचं आहे, कंटूरचं नाही, पण खालच्या रेखाटनाची पकड बघा. बघा म्हणतोय, नक्कल करा म्हणत नाही. दुसऱ्याची रेघ गिरवताना तुमची नजर कुठल्याच कडेवर नसते.

२६. ढबू मिरची अर्धी काढून झाली आणि घरच्यांनी भाजीला चिरली. राहिलेली आठवून पूर्ण करू का?

नको. आठवणीतली अर्धी मिरची गुळगुळीत येईल आणि बघून काढलेली अर्धी खाचाखोचांची. जोड लगेच दिसतो. कागद अर्धाच ठेवा, तारीख घाला. आणि भाजी फोडणीला पडायच्या आत एक उभी फाक मागून घ्या. सालीची जाडी दोन रेघांची, आतले पांढरे पडदे एकमेकांमागे जातात, देठाखाली बियांचा गड्डा. अख्ख्या मिरचीपेक्षा चिरलेलीत कडा जास्त असतात. फक्त तासाभरात काढून टाका, फाक सुकली की कड आत वळते.